पावणेदहा महिने: भाड्याच्या फाउलर बेडचा अनुभव

"किती महिन्यांसाठी पाहिजे?"

मिरजेतल्या सर्जिकल सामानाच्या दुकानात मालकाने पावतीपुस्तक उघडता उघडता विचारलं. मंडपवाला खुर्च्या किती विचारतो, तसंच. मी म्हटलं, "बघू." त्याने 'कालावधी'च्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. हात इतका सवयीचा होता की असं उत्तर देणारा मी काही पहिला नव्हतो हे कळलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे त्याच्याबद्दल तक्रार आहे. शिवाय मिरज हे दवाखान्यांचं गाव, अशी दुकानं तिथे बरीच, आणि भावही शंभर-दोनशेच्या फरकाने सारखेच. घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल आणि दवाखान्यात असतो तसा फाउलर बेड भाड्याने घ्यावा की विकत या विचारात कुणी असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून चौदा महिने वापरून झाल्यावर हे लिहितोय. मी साखर कारखान्यात हिशोब विभागात आहे. आकडे जरा जास्त येतील, सांभाळून घ्या.

आई ७९ वर्षांची. कंपवात जुना. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण आधीचा कंपवात आणि त्यात झोपून काढलेले तीन आठवडे, यात उभं राहणं जे गेलं ते परत आलं नाही. डोकं मात्र लख्ख. दुधाच्या रतिबाचा हिशोब अजून तोंडपाठ आहे. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बेड आणा. साध्या कॉटवर त्यांची पाठ जाईल आणि तुमची कंबर."

आधी बेडबद्दल. पायाकडच्या बाजूला दोन हँडल असतात. एकाने डोक्याकडचा भाग वर येतो, दुसऱ्याने गुडघ्याकडचा. एकच हँडल असेल तर तो सेमी-फाउलर, भाडं तीनचारशेने कमी. तो घेऊ नका. फक्त डोकं उचललं की माणूस हळूहळू खाली घसरतो, आणि दर तासाला काखेत हात घालून त्याला वर ओढावं लागतं. त्या ओढाओढीत माकडहाडाजवळची कातडी घासली जाते. गुडघे आधी थोडे वर घ्यायचे, मग डोकं, म्हणजे घसरण थांबते. हे दुकानात कुणी सांगत नाही. मला हॉस्पिटलमधल्या आयाबाईंनी सांगितलं होतं.

बेड साडेसहा फूट बाय तीन फूट. आमचं घर सांगलीच्या गावभागातलं, जुनं, दार अडीच फुटांचं. दुकानाच्या पोरांनी डोक्याकडची आणि पायाकडची फळी काढून सांगाडा आडवा करून आत घेतला, उंबऱ्याचा एक टवका गेला. हँडलं बाहेर राहिली की येताजाता नडगीवर बसतात, ती आत मुडपून ठेवायची. माझ्या दोन्ही नडग्यांवर याची खूण आहे. चाकांचे ब्रेक चारपैकी दोनच लागत होते. सांगितल्यावर आठवड्याने येऊन बदलून दिले. बेडला पाचपैकी चार.

आता पैसे. भाडं महिना २,२०० रुपये. अनामत ५,०००. पोचवण्याचे ६००. तसाच नवा बेड विकत २१,५००. मी दुकानातच मोबाईल काढून भागाकार केला. उत्तर आलं ९.७७. म्हणजे पावणेदहा महिन्यांच्या आत बेडचं काम संपलं तर भाडं परवडतं, त्यापुढे गेलं तर विकत घेतलेला बरा. गणित चौथीतलं. पण 'बेडचं काम संपलं तर' याचा अर्थ डोक्यात उतरला तेव्हा मी मोबाईल खिशात टाकला, चोरी करताना कुणी पाहावं तसा.

रात्री दादाला पुण्याला फोन केला. ताई इचलकरंजीहून आलेली होती, म्हणून स्पीकर लावला. दादा म्हणाला, "भाड्याने घे. उगाच लोखंड घरात कशाला?" ताई ताडकन म्हणाली, "म्हणजे तू तिला दहा महिनेसुद्धा देत नाहीस!" दादा गप्प झाला. मग म्हणाला की तसं नाही, आई चालायला लागेल, मग बेड लागणार नाही, म्हणून म्हणतोय. ताई म्हणाली, "डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुलाही माहीत आहे." खरं तर भागाकाराचं उत्तर फोनवर मीच सांगितलं होतं. पण त्या रात्री दादा निर्दय ठरला, ताई प्रेमळ ठरली, आणि ज्याने आकडा काढला तो मी नुसता 'विचारतोय' म्हणून सुटलो. विकत घ्यावा असं ताई म्हणत होती, पण तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं. दादाकडून घ्यायचे, तर त्याचं मत भाड्याचं. एकेक रुपयाला एकेक मत चिकटलेलं.

पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला. कंपवातात आवाज बारीक होतो, त्यामुळे आम्हांला वाटायचं तिला ऐकूही कमी येतं. "भाड्यानेच आण. मी गेल्यावर तो ठेवशील कुठं? माळ्यावर चढतोय होय?"

बेड भाड्याने आला.

एअर बेडबद्दल मात्र मन कडू आहे. फाउलर बेडच्या गादीवर हवेची गादी टाकतात, तिला सगळे एअर बेडच म्हणतात. त्यात फुग्यांच्या रांगा असतात आणि छोटा पंप आळीपाळीने एक रांग फुगवतो, दुसरी सैल करतो, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही. भाडं ७०० रुपये. दुसऱ्या महिन्यात रात्री पंप बंद पडला. सकाळी फोन केला, "माणूस पाठवतो" म्हणाले. संध्याकाळी केला, "माणूस कोल्हापूरला गेलाय." दुसऱ्या दिवशी रविवार. पंप आला तिसऱ्या दिवशी. तोवर आईच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग उठला होता, बोट दाबून काढलं तरी पांढरा न पडणारा. ती पहिली पायरी असते. तो डाग भरून यायला पाच आठवडे लागले. मालकाने त्या महिन्याचे ७०० सोडले, तेही मागितल्यावर. सेवेला पाचपैकी दोनच दिले असते, पण पुढे पावसाळ्यात जे झालं त्यामुळे तीन देतोय.

यावरून एक सांगतो. बेड भाड्याने घ्या, पण एअर बेड विकत घ्या. आम्ही नंतर ३,४०० ला घेतला, पाच महिन्यांत फिटला. वर एकच पातळ चादर घाला. प्रेमापोटी लोक गोधडी घालतात, मग खालच्या हवेचा काही उपयोग राहत नाही. रोज एकदा आपला पंजा उताणा करून हवेच्या गादीखाली कमरेजवळ सरकवायचा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. आणि वीज गेली की फुगे बसतात, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घ्यायचा. तो वीज अगदी नावाला खातो. एवढं सगळं करूनही दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. कोणत्याच यंत्राने ते चुकत नाही.

हे दोन तास कुणी मोजायचे? रात्रीचे मी. बारा, दोन, चार असे गजर लावलेत. दिवसाचे बायको. एक मावशी सकाळी दोन तास येतात, अंग पुसून देतात, त्यांचे ४,५०० रुपये. पूर्ण दिवसाची बाई ठेवायची होती, आईने ऐकलं नाही. दोघी आल्या, दोघींच्या हातचं ती पाणीही प्यायली नाही. बायको संध्याकाळी घरी शिकवणी घ्यायची. अकरा मुलं, प्रत्येकी ६००. बेड आला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ती बंद झाली. बंद कर असं कुणीच म्हटलं नाही. मुलं यायच्या वेळेला आईला बदलायची वेळ व्हायची, वास यायचा, एका मुलाच्या आईने दुसरीकडे चौकशी केली, आणि संपलं.

जूनमध्ये बायकोला ताप आला. मावशींचीही सुट्टी. आईला बदलायचं होतं आणि घरात मी एकटा. आईने पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "दिवा घालव." मी दिवा घालवला. अंधारात बेडच्या कठड्याची खिट्टी सापडेना, तो धाडकन खाली आला, ती दचकली. सगळं फार वाईट जमलं, चादरही बदलावी लागली. तासाभराने तिने पदर काढला आणि विचारलं, "जेवलास?" नंतर मी ते काम उजेडात करायला शिकलो. कठड्याबद्दल सांगायचं तर भाड्याच्या जुन्या बेडना खिट्टीचे कठडे असतात, ते आवाज करतात. हळू खाली बसणारा मिळाला तर शंभर रुपये जास्त देऊन तोच घ्या.

कारखान्यातला एक सहकारी चेष्टेने म्हणाला, "कायदाच आहे बाबा, आईला सांभाळायलाच पाहिजे." आहे खरा, २००७ चा. आई-वडील प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतात, निर्वाह खर्चाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. मी उत्सुकतेने वाचून काढला. जबाबदारी कुणाची? मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. मी ही गंमत म्हणून बायकोला सांगितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. म्हणजे मी करते ते बेकायदेशीर आहे."

पावसाळ्याचं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होतं. तेव्हा आई स्वतःच्या पायांनी होडीत बसली होती, मांडीवर देवांचा डबा घेऊन. गेल्या पावसाळ्यात नदी चढायला लागली आणि ४० फुटांच्या इशारा पातळीची भाषा सुरू झाली तशी माझी झोप उडाली. बेड वर न्यायचा तर तो सोडवायचा, जिना अरुंद, आणि आईला उचलायचं वेगळंच. दुकानाला फोन केला. अपेक्षा शून्य होती. तासाभरात तीन पोरं आली, भिजलेली. आधी आईला चादरीच्या झोळीतून वर नेलं, मग बेड सोडवून वर जोडला. पैसे विचारले तर म्हणाली, "मालकांनी घ्यायचे नाहीत म्हणून सांगितलंय, काका." पाणी शेवटी आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही. बेड महिनाभर वरच राहिला, आणि आईला आयुष्यात पहिल्यांदा खिडकीतून शेजाऱ्यांची गच्ची दिसली. ती कुणाकुणाचे पापड वाळतात याची नोंद ठेवायला लागली. पंपाची तक्रार मी याच्यापुढे विसरायला तयार आहे, पण तो लाल डाग मी रोज पाहत होतो, म्हणून पूर्ण विसरत नाही.

हळूहळू दहावा महिना आला. हिशोबाच्या वहीत त्या दिवशी २२,००० झाले. बेडच्या किमतीपेक्षा ५०० जास्त. माझ्या उभ्या नोकरीत तोट्याच्या आकड्याने असं कधी झालं नव्हतं. मी स्कूटर काढली, नरसोबाच्या वाडीला गेलो, दर्शन घेतलं आणि पाव किलो बासुंदी आणली. दाट असते, तिला गिळता येते. आईने विचारलं, "आज काय?" काय सांगणार? म्हटलं, "वाडीला गेलो होतो." बायकोला वही माहीत होती. ती काही बोलली नाही, तिने वाटीत अजून एक चमचा वाढला.

रात्री दादाला कळवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "विकतच घेऊन टाकू या. मी पैसे पाठवतो." तेव्हा मला जाणवलं की त्या पहिल्या रात्रीपासून ताईचं ते वाक्य तोही उराशी घेऊन बसला होता. मी नको म्हटलं. कारण विचारलं, ते नीट सांगता आलं नाही. दर पाच तारखेला पैसे भरायची सवय झाली होती आणि ती मोडायची भीती वाटत होती, एवढंच. हिशोबनिसाने असं बोलू नये.

ही वही खिडकीत असते. एका पानावर दादाचे महिन्याचे आठ हजार, दुसऱ्यावर माझा खर्च. मागच्या महिन्यात बेरीज करायला उघडली तर शेवटच्या पानावर पेन्सिलने, बायकोच्या अक्षरात, लिहिलेलं दिसलं: ६,६०० × १३ = ८५,८००. पुढे नाव नाही, शेरा नाही. एवढ्यात जवळजवळ चार बेड येतात. मी ते पान तिला दाखवलं नाही, तिनेही विषय काढला नाही. पेन्सिल आहे म्हणजे खोडता येईल असं तिला वाटलं असेल, की मी त्यावर शाई फिरवावी म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

आईला मात्र न दाखवता सगळं कळतं. गेल्या आठवड्यात दोनच्या गजराला कूस बदलत होतो तेव्हा म्हणाली, "पाटल्या हिला द्यायच्या." मी म्हटलं, "झोप." म्हणाली, "झोपते की. आधी ऐक. पाटल्या सूनबाईला."

त्या पाटल्यांची गोष्ट अशी की वडील गेल्यावर २०११ मध्ये ताईने या घरावरचं हक्कसोडपत्र करून दिलं, २०० रुपयांच्या मुद्रांकावर. कायद्याने तिचा चौथा हिस्सा होता. तिच्या सासरचे तेव्हा अडचणीत होते, तिला पैशांची गरज होती, तरी एका शब्दाने तिने मागितलं नाही. रजिस्टर ऑफिसातून घरी आल्यावर आईने सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "माझ्या पाटल्या तुझ्या." ताई तेव्हा रडली होती, आणि दर दिवाळीला पाटल्या पुसायला हातात घेते तेव्हा त्या घालून बघते. म्हणजे त्या पाटल्या म्हणजे पाटल्या नाहीतच, या घराचा चौथा हिस्सा आहेत. मी त्या घरात राहतो. आणि ज्या बाईने चौदा महिने दिवसाचे दोन-दोन तास मोजले, तीही माझ्याच घरात राहते. दोघींनी जे सोडलं ते माझ्याकडे जमा झालंय. दोन पाटल्या आहेत, एकेक वाटून टाका असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं. आई म्हणाली, "जोड मोडायचा नाही."

"मग ताईला काय सांगायचं?"

"ते तू बघ. तुला हिशोब येतो."

बायकोला विचारायची सोय नाही. ती नको म्हणणार, आणि ते नको मी खरं मानणार, कारण ते मला सोयीचं आहे. ताईला विचारलं तर ती लगेच "दे की तिला" म्हणेल, आणि पुढच्या दिवाळीला यायची नाही.

बेडकडे परत येतो. परवा पाच तारखेला मिरजेला गेलो, पंधराव्या महिन्याचं भाडं भरायला. मालकाने स्वतःहून विषय काढला. म्हणाला, "काका, तीस हजारांच्या वर गेलंय तुमचं. आणखी तीन हजार द्या आणि बेड ठेवून घ्या, मग महिन्याची कटकट नाही. अनामतही परत देतो." सौदा चांगला आहे. अनामतीचे पाच हजार हातात येणार, त्यातून तीन गेले तर दोन उरतात, म्हणजे बेड मिळून वर पैसे. तुमच्यावर अशी वेळ आली तर वर्षाच्या आतच मालकाशी हे बोलून घ्या, बहुतेक जण तयार होतात असं तो म्हणाला. मी २,२०० दिले. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पावतीपुस्तक ओढलं आणि 'कालावधी'समोर न विचारता रेघ ओढली.

घरी आलो तर आई जागी होती. डोक्याकडचा भाग वर घेतला, त्याआधी गुडघे. तिने विचारलं, "भाडं भरलंस?"

"भरलं."

"आणि पाटल्यांचं?"

मी म्हटलं, "बघू."